'द टाइम मशीन' वाचताना तुम्ही कुणाच्या बाजूने होता?

एच. जी. वेल्सची ही कादंबरी १८९५ ची. नायक ८०२७०१ साली पोहोचतो, तर माणसाच्या दोन जाती झालेल्या. वर उन्हात फळं खात बागडणारे नाजूक एलॉय, खाली अंधारात यंत्रं चालवणारे मॉरलॉक. आणि रात्री मॉरलॉक वर येऊन एलॉयांना खातात. कथानक मी उरकलंय, ते परत सांगू नका. खान्देशकरांनो, या पुस्तकातलं तुम्हाला काय चिकटलं ते लिहा.

अमळनेरहून
मन्हा बाप मिलमा रातपाळी करे. सकाळी घरी यायचा तेव्हा केसांत कापसाचे तंतू, आणि उन्हात डोळे उघडवत नसायचे. कॉलेजात पुस्तक वाचलं तेव्हा सगळे मॉरलॉकांना 'शी' म्हणत होते, मी गप्प. नायकाचाच तर्क आहे की हे कामगारांचे वंशज, पिढ्यान्‌पिढ्या जमिनीखाली ढकललेले. मग दोष व्यवस्थेचा आणि किळस मात्र त्यांची, हे कसं? मला आजही पटत नाही.

भुसावळहून, जीवशास्त्राची शिक्षिका
पोरं 'उत्क्रांती म्हणजे प्रगती' असं बिनधास्त लिहितात. त्यांना मी वेल्स ऐकवते. हा गडी १८८४ मध्ये लंडनला जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सलीच्या हाताखाली शिकलेला. उपयोग संपला की नैसर्गिक निवड तो गुण राखत बसत नाही. गुहेतल्या माशांचे डोळे गेले, एलॉयांची बुद्धी गेली. एवढ्यात कशी जाईल, असं कुणी विचारतंच. आपली अख्खी जात सुमारे ३ लाख वर्षांची. आठ लाख म्हणजे पुष्कळ झाले.

रावेरहून
केळीवाला आहे, हसू नका. एलॉय वाचताना मला टिश्यूकल्चरचा बाग दिसत होता. सगळी झाडं एका उंचीची, देखणी, फळात बी नाही, एकीची दुसरी नक्कल. सीएमव्ही हा विषाणूचा रोग शिरला की बागेत त्याला दाद न देणारं एक झाड सापडत नाही. उपटून बांधाबाहेर न्यायची, दुसरं काय! फरकच नसेल तर निवड कशातून होणार, हे मला पुस्तकाआधी शेतात कळलं होतं.

चोपड्याहून
मॉरलॉकांकडे उतरणाऱ्या त्या विहिरी! आत पाणी चमकत नाही, खालून धडधड येते, आणि कागदाचा कपटा टाकला तर तो सर्रकन आत ओढला जातो. पुढे आठवडाभर मी शेतातल्या विहिरीत वाकून बघितलं नाही.

धडगावहून, आश्रमशाळेतला शिक्षक
पोरांना पावरी-मराठी मिसळून गोष्ट सांगितली. वीना ही एलॉय पोरगी बुडू लागते आणि बाकीचे एलॉय नुसते बघतात, तिथे वर्गात गलका. "सर, तिची भावंडं कुठं गेली होती?" मला ते सांगता येईना. दुसऱ्या दिवशी पाणी भरता भरता एक पोरगी म्हणाली, "मॉरलॉक बुडाला असता तर दुसऱ्या मॉरलॉकाने उडी मारली असती का?" पुस्तकात याचं उत्तर नाही. मला वाटतं, मारली असती. ते निदान मिळून काम तरी करत होते.

धुळ्याहून
कुणी मटणाचं लिहिलं नाही? नायक मळक्या कपड्यांत, लंगडत परत येतो आणि खायला काय मागतो, तर मटण. जिथून आला तिथे माणसं खाल्ली जात होती, हे आपल्याला अजून ठाऊक नसतं. दुसऱ्यांदा वाचताना त्या ओळीवर हसू आलं, मग पोटात ढवळलं. वेल्सने ती सहज टाकली असेल, हे मी तरी मानायला तयार नाही.