बुद्धपौर्णिमेची मचाण गणना: कुठे जावं? (दोघी, बजेट ५ हजार)

ठाणेकरीण
नमस्कार मंडळी. या बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या प्राणीगणनेला बसायचं मनात आहे. मी आणि माझी मावशी (वय ६१, गुडघे शाबूत). सफारी नको, त्या झाल्यात करून. वनखात्याला खरंच उपयोग होईल असं काहीतरी करायचंय. प्रवास धरून दोघींचे मिळून ५ हजार, त्यावर नाही. सुट्टी दोनच दिवस, स्वतःची गाडी नाही. कुठे नाव द्यावं? मावशी विचारतेय, मचाणावर डुलकी लागली तर चालतं का?

निशाचर
ताडोबा! डोळे झाकून. आम्ही बफरला (गाभ्याबाहेरच्या जंगलपट्ट्यात) बसलो होतो, मध्यरात्रीनंतर वाघीण बछड्यांना घेऊन आली ती पाण्यात बूड टेकून बसूनच राहिली. आमच्या बाजूच्या मचाणवाल्यांना नुसती डुकरं. बजेट थोडं वाढवा, दहा-बारा धरा. समृद्धीनं निघालात तर रात्रीत नागपूर.

ठाणेकरीण
पाच म्हटलंय हो. आणि गाडी नाही.

अकोल्याचा_भाऊ
ताडोबा ताडोबा काहून करता बाप्पा? आमचा मेळघाट काय ओस पडला का? राज्यातला पहिला व्याघ्रप्रकल्प हाय तो, १९७४ चा. अमरावतीले उतरा, परतवाड्याची एसटी पकडा. ताडोब्यात वाघ पाहाले जातात, मेळघाटात जंगल पाहाले. अस्वल, गवा, सांबर, रानकुत्रे, समदं हाय. वाघ दिसंल न दिसंल, त्याची मर्जी.

प्रा_खडूस
मुळात उपयोगाचं काम हवं असेल तर मचाण हा पर्यायच नव्हे. तोच सांबर संध्याकाळी एका पाणवठ्यावर आणि पहाटे दुसऱ्यावर गेला की झाले दोन सांबर. जो आलाच नाही तो नाहीच. वाघांचा आकडा यातून निघत नाही, तो कॅमेरा ट्रॅपच्या (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) फोटोंतल्या वाघांच्या पट्ट्यांवरून निघतो. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्रप्रकल्पात वाघ संपलेत हे २००५ मध्ये उघड झालं, त्यानंतर पगमार्कची, म्हणजे पंजांच्या ठशांवरून वाघ मोजायची पद्धतही मोडीत निघाली. म्हणूनच हल्ली मचाणाला ‘निसर्गानुभव’ म्हणतात आणि पैसे घेतात. खरं काम दर चार वर्षांच्या व्याघ्रगणनेत असतं. वनरक्षकाबरोबर पहाटे मांसभक्षींच्या खुणा शोधत रोज किमान ५ किमी, असे तीन दिवस. मग तृणभक्षी मोजायला २ किमीच्या सरळ रेषेवर चालायचं. काही ठिकाणी स्वयंसेवक घेतात. अर्ज करा.

निशाचर
सर, त्यांनी दोन दिवस म्हटलंय.

प्रा_खडूस
आणि तुम्ही त्यांना बारा हजार सांगितलेत.

पाणवठा
इतकंही निरुपयोगी नसतं ते. कुठल्या पाणवठ्यावर काय येतं, पिल्लं किती दिसतात, रानकुत्रे आहेत की नाहीत, याचा अंदाज खात्याला मिळतो. तक्ता देतात: वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लू, कुठल्या दिशेनं आला, कुठे गेला. चितळांचा कळप आला की भंबेरी उडते. आधी एकूण आकडा लिहून टाकायचा, मग शिंगं बघत बसायचं. चांदण्यात पाण्याच्या कडेला उभं असलेलं जनावर दिसतं, झाडाच्या सावलीतलं नाही. तिथे ‘ओळख पटली नाही’ लिहावं. लोक सावलीचा बिबट्या करतात.

मावशींसाठी: दुपारी एकदा वर चढवलं की दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी येईपर्यंत उतरता येत नाही. शिडी उभी असते. रात्रीच्या ‘जायच्या’ सोयीचा विचार घरूनच करून निघा, हे कुणी सांगत नाही. मातकट कपडे, अत्तर-डिओ नाही, दशम्या-चटणी चालेल पण कुरकुरीत वेष्टनातलं काही नको. डुलकी चालते, घोरणं नाही.

कासवप्रेमी
गर्दीत कशाला जाता, वेळासला या! मंडणगड तालुका. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची पिल्लं पहाटे समुद्राकडे निघतात. घरगुती राहणं-जेवण, उकडीचे मोदक. तुमच्या बजेटमध्ये बसेल.

पाणवठा
वेळासचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. बुद्धपौर्णिमेला तिथे फक्त मोदक मिळतील.

मॅडिसनकर
इकडे विस्कॉन्सिनमध्ये हे फार पद्धतशीर आहे. ‘स्नॅपशॉट विस्कॉन्सिन’ म्हणून राज्याचा उपक्रम आहे, नागरिक ट्रेल कॅमेरे लावतात. मीही घेतला होता, हरणं आणि शेजाऱ्याची मांजर. शिवाय १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचा परवाना काढण्याआधी सुरक्षेचा कोर्स करावा लागतो आणि तो शिकवणारे बरेचसे स्वयंसेवकच. त्यांचे तास राज्याचा वाटा म्हणून धरतात आणि त्यावर केंद्राचा निधी मिळतो. तो निधी बंदुका आणि काडतुसांवरच्या करातून येतो, १९३७ च्या कायद्यानं. शिकारीच जंगल पोसतात म्हणा ना! भारतात असं काही का होत नाही?

प्रा_खडूस
कारण भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. प्रश्न ठाण्याहून आलाय, मॅडिसनहून नव्हे.

यवतमाळचा_कास्तकार
त्या मॅडिसनवाल्या भाऊचे शिकारी इकडं पाठवून द्या. रानडुकरांनी रात्रीत चणा उकरून टाकला. पीक खाणाऱ्या डुकराले माराची परवानगी मिळते, पण अर्ज करा, पंचनाम्याची वाट पाहा, तोवर वावर साफ. तुम्ही पैसे भरून डुक्कर मोजता, आम्ही फुकटात रातभर मोजतो. याच माझ्या मचाणावर. जेवणाची सोय माझ्याकडं.

निशाचर
दादा, तुमचं गाव ताडोब्यापासून किती लांब?

शहापूरवाला
ताई, तुम्ही ठाण्यात राहता ना? मग येऊर काय वाईट आहे? संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग, तिथेही बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यांवर बसतात. आमच्याकडे तानसा अभयारण्यातही.

निशाचर
येऊर? तिथे बंगल्यातल्या पार्ट्यांचा डीजे मोजणार का?

अकोल्याचा_भाऊ
येऊरात डास मोजा. मेळघाटले या.

पाणवठा
हसू नका, तिथे बिबटे आहेत, सांबर-चितळ आहेत. फक्त वाघ नाही. जागा थोड्या असतात आणि ओळखीच्या संस्थांचे लोक आधी भरतात, तेव्हा ऑनलाइन शोधत बसू नका. वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

कासवप्रेमी
पुढच्या मार्चमध्ये वेळास मात्र नक्की कराच.

ठाणेकरीण
सगळ्यांचे आभार. हिशेब मांडला. ताडोब्यात बजेटची वाट लागते. मेळघाटचा जाण्या-येण्यातच एकेक दिवस जातो, वर मावशीला उन्हाळ्यातला विदर्भ नको. आज येऊरच्या कार्यालयात जाऊन दोघींचा अर्ज दिला, पोच घेतली. नाव लागेलच असं नाही म्हणाले. तिथल्या गार्डनी सांगितलं की पाणवठ्यांमधला गाळ आणि प्लास्टिक काढायला माणसं कधीही हवीच असतात, म्हणून रविवारी त्यालाही जातोय. रिक्षाचे दीडशे. मावशीनं गमबूट घेतलेत, साडेचारशेचे, बजेटमध्येच.

निशाचर
बघा बुवा. वाघ नाही हं तिथे.

अकोल्याचा_भाऊ
गमबूट मेळघाटातही चालतात.

नवीन_सदस्य
सगळा धागा वाचला नाही. ताडोब्याचं मचाण बुकिंग कधी उघडतं? बजेट ४ हजार, चौघं.