मदत हवी आहे: ड्युअलशॉक ४ पीसीला जोडायचाय, केबलवर दिसत नाही, ब्लूटूथवर अडकतो, बटणं उलटीपालटी

डावी_स्टिक

नमस्कार. विंडोज ११, डेस्कटॉप, ब्लूटूथ मदरबोर्डवरचंच. कंट्रोलर ड्युअलशॉक ४ (प्लेस्टेशन ४ चा), मागच्या लेबलवर सीयूएच-झेडसीटी२. अडचणी तीन आहेत. त्यांचा एकमेकींशी संबंध आहे की नाही, तेच कळत नाहीये.

१) केबल लावली की पुढची पट्टी नारिंगी लुकलुकते, म्हणजे चार्जिंग होतंय. पण विंडोजचा 'टुडुंग' आवाज नाही आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये नवीन काही उगवत नाही. पोर्ट बदलून पाहिलं, तेच.

२) ब्लूटूथवर 'वायरलेस कंट्रोलर' या नावाने पेअर होतो, पण मधेच अडकतो. स्टिक सोडली तरी पात्र धावतच राहतं आणि दोनेक सेकंदांनी थांबतं.

३) स्टीमवरच्या गेममध्ये मेनूत एकदा खाली दाबलं की निवड दोन ओळी खाली जाते. स्टीमबाहेरच्या एका जुन्या गेममध्ये फुलीचं काम चौकोन करतो आणि कॅमेरा हात न लावता स्वतःच गरगर फिरतो.

डीएस४विंडोज (प्लेस्टेशनचा कंट्रोलर गेमला एक्सबॉक्सचा म्हणून दाखवणारा प्रोग्रॅम) टाकलेलं आहे. स्टीममध्ये प्लेस्टेशन कंट्रोलरचा पर्यायही चालू आहे. जाणकारांनी कृपया सांगावं, सुरुवात कुठून करू?

तांब्याची_तार

पहिल्या अडचणीचं उत्तर केबल. यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा लागतात: दोन विजेच्या, दोन डेटाच्या. चार्जर, पॉवरबँक, ब्लूटूथ स्पीकर यांच्यासोबत येणाऱ्या बऱ्याच केबलींत डेटाच्या दोन तारा नसतातच. त्यामुळे चार्जिंग व्यवस्थित आणि संगणकाला पत्ता नाही. बाहेरून बघून हे ओळखता येत नाही. त्याच केबलने एखादा मायक्रो-यूएसबीवाला फोन किंवा कार्ड रीडर जोडा. त्यातल्या फाइली दिसल्या तर केबल निर्दोष. नाही दिसल्या तर ती केबल बाजूला ठेवा आणि तिच्यावर 'फक्त चार्जिंग' अशी चिठ्ठी डकवा, नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा हाच घोळ होणार.

डेटावाली केबल लावूनही आवाज आला नाही, तर मायक्रो-यूएसबीचं तोंड सैल झालं असेल. पिन आत गेल्यावर किंचित वर-खाली हलवा. हलवताना आवाज येतो-जातो असं झालं, तर चूक कंट्रोलरच्या पोर्टची.

केबल लागली की 'रन'मध्ये जॉय डॉट सीपीएल टाइप करा (इंग्रजी अक्षरांत जे-ओ-वाय, टिंब, सी-पी-एल). जी चौकट उघडेल तिच्यात कंट्रोलरचं नाव दिसायला हवं. 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन एकेक बटण दाबलं की लाल दिवे लागतात. इथपर्यंत आलात म्हणजे विंडोज आणि कंट्रोलर यांच्यात काही बिघाड नाही. पुढची भांडणं सगळी गेमची.

चोवीसशे_मेगाहर्ट्झ

दुसऱ्या अडचणीबद्दल. कंट्रोलर प्रत्येक वेळी 'आत्ता माझी सगळी बटणं आणि स्टिक अशा आहेत' असं पूर्ण चित्र पाठवतो. मधली बरीच चित्रं हवेत हरवली, की संगणक शेवटच्या चित्रालाच धरून बसतो. त्या चित्रात स्टिक पुढे असेल तर पात्र पुढेच पळणार. म्हणजे स्टिक ठणठणीत आहे, सिग्नल तुटतोय.

डेस्कटॉपवर सगळ्यात आधी मागे जा आणि वायफायचे अँटेना लावलेत का ते पाहा. मदरबोर्डवर वायफाय आणि ब्लूटूथ सहसा एकाच कार्डावर असतात आणि तेच अँटेना दोघांना पुरतात. 'मी वायफाय वापरत नाही, नेट केबलने आहे' म्हणून अँटेना खोक्यातच ठेवणारे खूप. मग ब्लूटूथ पेअर होतं, पण हातभर अंतरावर धापा टाकतं.

दुसरा संशयित यूएसबी ३. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि यूएसबी ३ ची पोर्टं व केबली नेमका त्याच पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर दस्तऐवज काढला होता. बाहेरची हार्ड डिस्क चालू असताना कंट्रोलर जास्त अडकतो का, ते पाहा. वेगळा ब्लूटूथ डोंगल लावणार असाल तर तो यूएसबी २ च्या पोर्टात, आणि शक्यतो एक्स्टेन्शन वायरने टेबलावर आणून ठेवा. विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ रेडिओ नीट सांभाळतं. म्हणून डोंगल लावण्याआधी मदरबोर्डवरचं ब्लूटूथ डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल करा. हे न करता 'नवा डोंगलही भंगार निघाला' म्हणणारे दर महिन्याला भेटतात.

पेअर नव्याने करा. विंडोजच्या ब्लूटूथ यादीतून 'वायरलेस कंट्रोलर' काढून टाका. कंट्रोलर बंद असताना शेअर आणि पीएस ही दोन बटणं एकत्र दाबून धरा. पट्टी दोन-दोनदा झपझप पांढरी लुकलुकायला लागली की मगच सोडा. संथ लुकलुकत असेल तर तो पेअरिंगमध्ये नाही, जुना मालक शोधतोय. ऐकतच नसेल तर पाठीमागे एल२ बटणाजवळ टाचणीएवढं भोक आहे. त्यात पेपरक्लिप घालून आतली कळ पाचेक सेकंद दाबा.

एक लक्षात ठेवा: ड्युअलशॉक ४ एकच यजमान लक्षात ठेवतो. मधे तो केबलने प्लेस्टेशनला लावलात, की पीसीचं पेअरिंग गेलं.

डावी_स्टिक

केबलच होती. कार्ड रीडरही दिसेना. दुसरी लावल्यावर 'टुडुंग' झालं आणि जॉय डॉट सीपीएलमध्ये सगळे दिवे लागतात. अँटेना खरंच लावलेले नव्हते, ते लावले. दुसरी अडचण संध्याकाळी पुन्हा तपासतो. तिसरी जशीच्या तशी आहे.

झेड_अक्ष

तिसरी अडचण म्हणजे खरं तर दोन अडचणी आहेत, वेगवेगळ्या सोडवू.

आधी जुना गेम. विंडोजवर कंट्रोलर वाचायच्या दोन पद्धती रूढ आहेत: जुनी डायरेक्टइनपुट आणि २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० बरोबर आलेली एक्सइनपुट. डायरेक्टइनपुटमध्ये बटणांना फक्त क्रमांक असतात, नावं नसतात. ड्युअलशॉक ४ चा क्रम चौकोन १, फुली २, गोल ३, त्रिकोण ४. एक्सबॉक्सचा क्रम ए १, बी २, एक्स ३, वाय ४. गेम एक्सबॉक्स गृहीत धरून लिहिला असेल तर त्याला १ म्हणजे ए, म्हणजे 'ठीक आहे'. ते तुमच्याकडे चौकोनावर आलं. गेमच्या दृष्टीने तो बरोबरच वागतोय.

कॅमेऱ्याचंही तसंच. एक्सबॉक्सची उजवी स्टिक एक्स-रोटेशन आणि वाय-रोटेशन या अक्षांवर येते. ड्युअलशॉक ४ मध्ये त्याच दोन अक्षांवर एल२ आणि आर२ हे ट्रिगर बसलेत, उजवी स्टिक झेड आणि झेड-रोटेशनवर आहे. आता गंमत बघा: स्टिक मोकळी असते तेव्हा तिचा आकडा मधोमध असतो, पण ट्रिगर मोकळा असतो तेव्हा आकडा अगदी तळाला, शून्यावर असतो. गेमला वाटतं, कुणीतरी उजवी स्टिक कोपऱ्यात रेटून धरलीय. म्हणून कॅमेरा गरगर. दोन्ही ट्रिगर अर्धे दाबून धरा, कॅमेरा थांबेल. थांबला तर निदान पक्कं.

उपाय म्हणजे मधे एक दुभाषी बसवायचा. तो प्लेस्टेशनची भाषा ऐकून गेमला एक्सबॉक्सच्या भाषेत सांगेल. तुमच्याकडे असे दोन दुभाषी आहेत, डीएस४विंडोज आणि स्टीम इनपुट (स्टीममधला तुम्ही चालू ठेवलेला तोच प्लेस्टेशनचा पर्याय). दोघेही एकाच वेळी बोलतात म्हणून स्टीमच्या गेममध्ये एका दाबाला दोन ओळी. एकच ठेवा.

माझं मत, स्टीम ठेवा. डीएस४विंडोज पूर्ण बंद करा, घड्याळाशेजारच्या आयकॉनांतूनही. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये 'कंट्रोलर'खाली प्लेस्टेशनसाठी स्टीम इनपुट चालू असू द्या. जुना गेम स्टीमच्या लायब्ररीत 'नॉन-स्टीम गेम' म्हणून जोडा आणि तिथूनच सुरू करा.

आभासी_पॅड

झेड_अक्ष यांच्या निदानाला +१, उपायाला अर्धाच. बरेच जुने गेम लाँचरमधून, म्हणजे गेमच्या आधी उघडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधून, उघडतात. तिथे स्टीमने लाँचरलाच गेम समजून धरून बसावं आणि खरा गेम उघडल्यावर कंट्रोलर मुका व्हावा, असं होतं. अशा गेमसाठी डीएस४विंडोज बरं. मात्र ते अर्धवट बसवलेलं असतं आणि दोष प्रोग्रॅमला जातो.

त्याला दोन गोष्टी सोबत लागतात. विगेमबस हा ड्रायव्हर आभासी एक्सबॉक्स ३६० कंट्रोलर तयार करतो. हिडहाइड हा खरा ड्युअलशॉक गेमपासून लपवतो. हिडहाइड नसेल तर गेमला दोन कंट्रोलर दिसतात, खरा आणि आभासी, आणि पुन्हा दुहेरी दाब. हिडहाइडमध्ये दोन याद्या असतात: एकीत लपवायचं यंत्र, म्हणजे ड्युअलशॉक, आणि दुसरीत त्याला पाहू शकणारा प्रोग्रॅम, म्हणजे डीएस४विंडोजची एक्झी फाइल. दुसरी यादी रिकामी राहिली तर डीएस४विंडोजलाही कंट्रोलर दिसत नाही. लोक नेमके इथे अडकतात.

विगेमबसचा विकास २०२३ मध्ये थांबला, पण आहे ती आवृत्ती चालते. उतरवायची तर मूळ प्रकल्पाच्या पानावरूनच उतरवा, नावात साधर्म्य असलेल्या भलत्या साइट खूप आहेत.

डीएस४विंडोज वापराल तेव्हा स्टीममध्ये त्या गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंट्रोलर, आणि 'डिसेबल स्टीम इनपुट'. सगळीकडे बंद करायची गरज नाही.

झेड_अक्ष

लाँचरचा मुद्दा मान्य. पण स्टीमवरच्या गेमसाठी तो खटाटोप कशाला?

नवा_भिडू

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझा एक्सबॉक्स वनचा कंट्रोलर ब्लूटूथच्या यादीत येतच नाही. पेअरचं बटण दाबून धरलं की दिवा झपझप लागतो, तरी नाही.

चोवीसशे_मेगाहर्ट्झ

मधल्या चमकत्या एक्सबॉक्स बटणाभोवतीचं प्लास्टिक बघा. ते वरच्या खांद्याच्या बटणांना जोडून असलेला तुकडा असेल, तर त्या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथच नाही. २०१३ चे पहिले मॉडेल तसेच होते. ते प्लास्टिक पुढच्या मुख्य कवचाचाच भाग असेल तर ब्लूटूथ आहे. ब्लूटूथ नसेल तर केबल, नाहीतर मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वायरलेस अॅडॉप्टर. साध्या ब्लूटूथ डोंगलने ते काम होणार नाही.

आणि जॉय डॉट सीपीएलमध्ये दोन्ही ट्रिगर एकाच झेड अक्षावर दिसले तर घाबरू नका. डायरेक्टइनपुट एक्सबॉक्सचे ट्रिगर असेच एकत्र दाखवतं. एक्सइनपुटचे गेम ते वेगळे वाचतात.

डावी_स्टिक

अपडेट: अँटेना लावल्यावर तासभर एकदाही अडकला नाही. डीएस४विंडोज बंद केल्यावर मेनू एकेक ओळ सरकतो. ट्रिगर अर्धे दाबल्यावर जुन्या गेमचा कॅमेरा खरोखर थांबला! तो गेम लाँचरवालाच निघाला. स्टीममधून चालेना, म्हणून तेवढ्यासाठी डीएस४विंडोज आणि हिडहाइड लावलं. आता फुली म्हणजे फुली. फक्त स्टीम उघडल्यावर तिथे ड्युअलशॉक दिसतच नाही, एक्सबॉक्स ३६० दिसतो किंवा काहीच नाही.

आभासी_पॅड

खरा कंट्रोलर हिडहाइडने स्टीमपासूनही लपवलाय. स्टीमचे गेम खेळायच्या आधी डीएस४विंडोज बंद करा आणि हिडहाइडमधली 'एनेबल डिव्हाइस हायडिंग'ची खूण काढा. मग केबल काढून पुन्हा लावा. ब्लूटूथवर असाल तर पीएस बटण दहाएक सेकंद दाबून कंट्रोलर बंद-चालू करा.