मदत हवी आहे: गाडी चार्जिंगला लावली की घराची आरसीसीबी पडते (सांगली)

नमस्कार मंडळी,

गावभागात आमचं जुनं घर आहे. एप्रिलअखेरीस इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि दारात ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवला. मीटर थ्री फेज, चार्जर एका फेजवर, मेन बोर्डापासून ६ चौरस मिमीची तांब्याची वायर, ४० अँपिअरचा एमसीबी (जादा करंट गेला की लाईन तोडणारा स्विच). मे महिना सुरळीत गेला. पाऊस लागला तसा त्रास सुरू झाला.

एमसीबी पडत नाही. पडते ती मेनची ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट अर्थिंगकडे गळला की शॉक बसू नये म्हणून लाईन तोडणारा स्विच), म्हणजे अख्ख्या घराची लाईट जाते. परवा रात्री आई अंधारात चाचपडत जिन्यापर्यंत आली होती. तेव्हापासून रात्री गाडी लावतच नाही.

विश्रामबागेत मित्राच्या चार्जरवर गाडी रात्रभर लावून पाहिली, काही झालं नाही. आमच्याकडे चार्जिंगचा करंट ३२ अँपिअरवर ठेवला तर दोन मिनिटांत पडते, १० वर ठेवलं तर दीड-दोन तास निघतात. घरातले बाकी सगळे एमसीबी खाली करूनही तेच. आणि रविवारी चार्जर बंद असताना नुसत्या गीझरवरही एकदा पडली.

म्हणून मला संशय जुन्या वायरिंगचा येतोय. २०१९ च्या पुरात तळमजल्यात कमरेच्या वर पाणी होतं. नंतर बोर्ड वर घेतला, पण भिंतीतल्या वायरी त्याच. आमचे एमसीबी सिंगल पोल, फक्त फेज तोडतात. ओल्या भिंतीत कुठे न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) अर्थिंगला लागत असेल, तर एमसीबी पाडून तो सुटणार नाही, आणि लोड वाढेल तसा त्या वाटेने जाणारा करंटही वाढेल. हे बरोबर आहे का?

वायरमन म्हणतात, आरसीसीबी काढून टाकू. ते मी होऊ देणार नाही. पावसात ओल्या फरशीवर उभं राहून आई-बायको गाडीला गन लावतात.

मेन बंद करून, सगळी उपकरणं काढून, न्यूट्रल लिंकवरून (सगळे न्यूट्रल जोडलेल्या पट्टीवरून) एकेक न्यूट्रल सोडवायचा आणि मेगरने (वायरीचं इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) अर्थिंगशी तपासायचा, असं ठरवलंय. यात काही राहतंय का? सांगली-मिरजेत मेगर घेऊन घरी येणारे कोणी माहीत आहेत?

दुसरं, चार्जरला मीटरपासून वेगळी लाईन आणि स्वतःची टाइप ए आरसीसीबी द्यावी का? सध्याची टाइप एसी आहे, म्हणजे फक्त एसी गळती ओळखणारी; टाइप ए तुटक (पल्सेटिंग) डीसी गळतीही ओळखते. चार्जरमध्ये ६ मिलीअँपिअरचं डीसी लीकेज संरक्षण आहे असं माहितीपत्रकात लिहिलंय. वेगळी लाईन केली की निदान घर अंधारात जाणार नाही, पण भिंतीतला दोष तसाच राहील, तो आधी शोधायचाय. पूर येऊन गेलेल्या घरात कुणी हे काम केलं असेल तर सुरुवात कुठून केली ते कृपया सांगा.