सागरेश्वरच्या डोंगरावरून कृष्णाकाठ : १९७४चा फोटो आणि आज

देवराष्ट्रेची_नात
आजोबांच्या ट्रंकेत एक काळा-पांढरा फोटो सापडला. मागे शाईने एवढंच : 'सागरेश्वर, १९७४'. म्हणजे सांगली जिल्ह्यातला, आमच्या देवराष्ट्रेजवळचा डोंगर. डोंगर उघडाबोडका, खाली ताकारीकडचं नदीचं वळण स्पष्ट, मोकळी काळी रानं, गावांची सपाट मातकट छपरं. गेल्या दिवाळीत मी त्याच कड्यावर उभी राहिले. डोंगर झाडीने भरलेला, खाली नुसता ऊस, स्लॅब आणि पत्र्याची शेड. नदी शोधावी लागली. 'कारखान्यांनी खोरं बदललं' असं घरी सगळे म्हणतात, पण फोटोत तर लांबवर एकच धुराडं आहे. जुन्या जाणत्यांनी सांगावं, नेमकं काय झालं?

पलूसचा_मोल्डर
ताई, ती सपाट छपरं म्हणजे माळवदं. मातीच्या भिंती, वर पांढरी माती, ती दर पावसाळ्याआधी नव्याने टाकायची. ११ डिसेंबर १९६७ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांचा. भिंतीला गेलेला तडा वडिलांनी शेणामातीने बुजवला आणि आम्ही त्याच घरात आणखी वीस वर्षं काढली.

किर्लोस्करवाडी १९१०ला वसली ती निवडुंगाच्या माळावर. जागा औंधच्या राजेसाहेबांची, आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखान्यासोबत कामगारांची वस्तीही उभी केली. तरी साठ-पासष्ट वर्षांनंतर इतक्या उंचावरून बघितलं तर ती वस्ती केवढी दिसणार? कारखान्याने रानं फारशी खाल्ली नाहीत. खोरं बदललं ते पंपाने.

हे मी खात्रीने सांगतो, कारण बत्तीस वर्षं एका लहान फाउंड्रीत पंपाच्या केसिंगचे, म्हणजे बाहेरच्या कवचाचे, साचे मीच भरले. काळी वाळू ठोकायची, आतल्या पोकळीसाठी कोअर बसवायचा, लॅडलने वितळलेलं लोखंड ओतायचं. सुट्टीला घरी गेलो की तसलाच पंप आमच्या मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या, रानात पाणी ओढत असायचा. वडिलांच्या मोटेवर बैल दिवसभर चालले तरी थोडेच वाफे भिजायचे. मग नदीला जॅकवेल, म्हणजे पाणी उचलायच्या विहिरी, झाल्या, पाइपलाइनी चढावर गेल्या, शाळू आणि तंबाखू जाऊन ऊस आला. उसाच्या पैशातून माळवद पाडलं आणि स्लॅब टाकला. त्या घराच्या विटाही आमच्याच मळीच्या मातीच्या. भट्टीवाल्याने माती उचलली तिथे अजून खड्डा आहे, पुराचं पाणी पहिल्यांदा तिथेच शिरतं.

पुढे दीड एकर पांढरं पडलं. जास्तीच्या पाण्याने क्षार वर आले, जमीन क्षारपड झाली. वीज रात्रीची, मोटर सुरू करून आम्ही झोपायचो, पाणी किती झालं ते बघायला कोणी नसायचं. निचऱ्याची चरही काढली नव्हती. चूक आमचीच. आता जमिनीखाली सच्छिद्र पाइप पुरलेत, अर्ध्या तुकड्यात पुन्हा गहू उगवला. पहिल्या वर्षी ओंब्या हातात घेऊन मी बांधावर बराच वेळ बसून होतो.

डोंगराचं मात्र उलट झालं. धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, लोकांनी झाडं लावली, जगवली, आणि १९८५ला तिथे अभयारण्य झालं.

हरिपूरकर
नदीच्या खालच्या अंगाचं, सांगलीजवळच्या हरिपूरचंही सांगतो. आमची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीत खणलेली कोठारं, होती. इथली जमीनच अशी की खोल पेवात ओल धरत नसे, हळद वर्षानुवर्षं टिकायची. वरून मोकळं मैदान दिसायचं, माल सगळा पोटात. २००५च्या पुरात पाणी आत गेलं. पेवं उघडली तेव्हाचा वास अजून नाकात आहे. आता हळद कोल्ड स्टोरेजला जाते आणि पेवांच्या जागी प्लॉट पडलेत. २०१९च्या पुरानंतर आम्ही घरही खांबांवर बांधलं.

देवराष्ट्रेची_नात
मोल्डरकाका, त्याच पाकिटात दुसरा फोटो आहे, खालून काढलेला. विहीर, दोन बैल आणि काठाला दगडी हौदासारखं काहीतरी. ते काय?

पलूसचा_मोल्डर
थारोळं! मोटेचं पाणी आधी त्यात पडायचं, मग पाटाला लागायचं. आमचं अजून शाबूत आहे, म्हशी पाणी पितात. तुमच्या आजोबांचं रान कुठल्या शिवारात होतं? गट नंबर कळवा. मी या आठवड्यात तिकडे जाणारच आहे, दगड जागेवर आहेत का बघून येतो.