मदत हवी आहे: शेफील्ड वेन्सडेचा 2022-23 हंगाम

मंडळी, शेफील्ड वेन्सडे हा इंग्लंडमधला फुटबॉल क्लब. लीग वन म्हणजे तिथल्या फुटबॉलच्या तिसऱ्या श्रेणीतून पहिले दोन संघ थेट वरच्या श्रेणीत जातात, पुढचे चार उरलेल्या एका जागेसाठी प्लेऑफ खेळतात. वेन्सडे 96 गुण मिळवूनही तिसरे. प्लिमथ 101, इप्सविच 98. सलग 23 लीग सामने अपराजित राहिलेला हा संघ मार्चअखेरीस तळाच्या फॉरेस्ट ग्रीनकडून 0-1 हरला. मग प्लेऑफच्या उपांत्य फेरीत पीटरबरोत 0-4, परतीच्या लढतीत घरच्या मैदानावर 5-1, म्हणजे एकूण 5-5, आणि पेनल्टीवर विजय! दोन्ही सामन्यांच्या बेरजेत बरोबरी साधणारा लियम पामरचा गोल तर भरपाई वेळेच्या आठव्या मिनिटाला. अंतिम फेरीत बार्नस्लीविरुद्ध 123व्या मिनिटाला जॉश विंडासचं हेडर.

ज्यांनी सामने पूर्ण पाहिलेत त्यांनी सांगा: मार्चमधली घसरण दुखापतींमुळे की मधल्या फळीतल्या बदलांमुळे? आणि पीटरबरोविरुद्धच्या परतीच्या लढतीत तेव्हाचे प्रशिक्षक डॅरेन मूरनी नेमकी कोणती रचना बदलली? नुसता गोलफलक नको, कोण कुठे खेळलं तेही लिहा.