संशोधनाचा खर्च कोणी उचलावा?

प्रश्न: भारताचा संशोधनावरील खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. तो सरकारने वाढवावा की उद्योगांना करसवलत द्यावी?

पहिले उत्तर: मूलभूत ज्ञानाचा लाभ स्पर्धकांनाही होत असल्यामुळे कोणतीही कंपनी त्यावर समाजाला हवा तितका पैसा घालत नाही, म्हणून तिथे सरकारी अनुदानाला पर्याय नाही. करसवलतीने मुख्यतः बाजाराजवळचे संशोधन वाढते.

दुसरे उत्तर: सहमत आहे. म्हणूनच २०२३ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या नियोजित ५०,००० कोटी रुपयांपैकी सुमारे ३६,००० कोटी सरकारबाहेरून येतील, हे गृहीतक मला चिंताजनक वाटते.

तिसरे उत्तर: रकमेइतकेच वेळेलाही महत्त्व आहे. अनुदानाचा हप्ता रखडला, तर प्रशिक्षित संशोधक प्रयोगशाळा सोडून जातात आणि राज्य विद्यापीठांना ते पुन्हा मिळत नाहीत.