जुन्या नॅसची रॅम वाढवावी का? (मदत हवी आहे)

एरंडवणेकर: घरच्या नॅसवर (घरच्या नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारी फायली साठवायची पेटी) आम्हा चौघांचे सगळे फोटो आहेत. महिनाभरापासून तो इतका मंद झाला आहे की फोटोंचे पान उघडेपर्यंत चहा होतो. मेमरीचा वापर 91 टक्के दिसतो. रॅम वाढवावी का, एवढेच कृपया सांगावे; ‘नवा घ्या’ हा सल्ला घरी रोज मिळतोच.

सर्किटभाऊ: नॅस कोणता, प्रोसेसर कोणता, रॅम किती, स्लॉट मोकळा आहे का, यांतले आपण काहीच लिहिलेले नाही. काही यंत्रांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे प्रश्नच मिटतो.

एरंडवणेकर: 2018 साली घेतलेला, दोन ड्राइव्हचा, सेलेरॉन जे3355, 2 जीबी, एक स्लॉट मोकळा.

निवृत्त_अभियंता: माझे ऐकाल तर हे डबडे काढून टाका आणि जुन्या डेस्कटॉपवर स्वतःच नॅस उभारा. मी तेच केले.

सर्किटभाऊ: काका, चोवीस तास चालणाऱ्या डेस्कटॉपचे वीजबिलही त्यांना सांगा. एरंडवणेकर, 91 टक्क्यांना घाबरू नका. नॅसमधली लिनक्स प्रणाली रिकामी मेमरी फाइलींच्या कॅशसाठी, म्हणजे अलीकडे वापरलेल्या फाइली हाताशी ठेवण्यासाठी, वापरते आणि गरज पडताच सोडते. स्वॅप पाहा, म्हणजे रॅम अपुरी पडली की डिस्कवरची जी जागा वापरली जाते ती. तो सतत वापरात असेल तर रॅमचे काम हार्ड डिस्कच्या गळ्यात पडले आहे; स्वॅप रिकामा आणि प्रोसेसर 100 टक्क्यांवर असेल तर रॅमचा खर्च वाया जाईल.

पेठेतला: दोन ड्राइव्ह मिररमध्ये (दोन्हींवर तीच प्रत) आहेत म्हणून बॅकअप आहे असे समजू नये. चुकून पुसलेला फोटो दोन्हींवरून जातो.

एरंडवणेकर: बॅकअप वेगळा आहे, आणि मी ते विचारलेही नव्हते. फोटोंतले चेहरे ओळखण्याचे काम चालू असताना स्वॅप 1.3 जीबी दिसतो, डिस्कची कुरकुर थांबत नाही. ते काम बंद केले की पान लगेच उघडते.

सर्किटभाऊ: मग 4 जीबी वाढवा. इंटेलने या प्रोसेसरची कमाल मर्यादा 8 जीबी दिली आहे, तेव्हा त्यात बसते. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तापकीर गल्लीत, जाणार असाल तर लॅपटॉपची 204 पिनांची, 1.35 व्होल्टची डीडीआर3एल पट्टीच मागा. डीडीआर4 बसणार नाही. बसवल्यावर रात्रभर मेमरीची चाचणी चालवा, कारण सदोष पट्टी फायली गुपचूप बिघडवते.

निवृत्त_अभियंता: चेहरे मात्र प्रोसेसरचे ते दोन कोरच ओळखणार. त्याला लागायचा तो वेळ लागेलच.

एरंडवणेकर: ते रात्री चालू दे. माळ्यावरच्या लॅपटॉपमध्ये 4 जीबीची पट्टी सापडली, तिच्यावर ‘पीसी3एल’ असे छापले आहे. चालेल?

सर्किटभाऊ: चालेल, पीसी3एल म्हणजे डीडीआर3एलच; तो शेवटचा ‘एल’च हवा होता. नॅस बंद करून, वायर काढून बसवा.